अण्णांच्या लोडरचं सील का उडत होतं

तिसऱ्यांदा सील उडालं तेव्हा तेल लिंबाजीच्या मांडीवर पडलं. दुपारची वेळ होती. ट्रॅक्टर सकाळपासून नांगरटीवर, त्यामुळं तेल चांगलंच तापलेलं. त्यानं आधी इंजिन बंद केलं, मग उडी मारली आणि पळत हापशावर गेला. तिथूनच त्यानं फोन लावला. तो मालकाला नाही, मला.

"मिस्त्री, परत उडालं," म्हणाला. "ह्या बारीला माझ्या अंगावर."

मी विचारलं, लिव्हर दाबून धरलं होतंस का. भाजलंय का, किती भाजलंय, हे मी विचारलं नाही. विचारलं नव्हतं हे मला लई दिवसांनी आठवलं.

मी ट्रॅक्टरचा मिस्त्री. नेकनूरच्या रोडला पत्र्याचं दुकान आहे. वय सत्तरच्या पुढं गेलंय. शाळा सातवीपर्यंत, ती पण धड नाही. इंग्रजी वाचता येत नाही, पण पार्टांची नावं कानानं पाठ झालीत. चाळीस वर्षांच्या वर हेच काम केलं. ह्या भागात माझ्या हाताला नाव आहे. ही गोष्ट त्या नावाची आहे आणि ती चांगली नाही.

ट्रॅक्टर अण्णांचा. अण्णा आमच्याकडचे मोठे बागायतदार, दोनदा सरपंच झालेले. ट्रॅक्टर तीस वर्षांचा जुना, पण इंजिन ठणठणीत. त्याच्या पुढं लोडर बसवलेला. लोडर म्हणजे दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला बकेट. शेणखत ट्रॉलीत भरायचं, मुरूम उचलायचा, बांध सारखा करायचा, ही त्याची कामं. मागच्या बाजूला लिफ्ट, म्हणजे नांगर किंवा रोटा उचलणारे हात. पुढचं आणि मागचं दोन्ही तेलाच्या दाबावर चालतं. त्यालाच आमी हायड्रोलिक म्हणतो.

पहिल्यापासून लोडरला वेगळा पंप आणि वेगळी टाकी होती. ह्या उन्हाळ्यात तो पंप गेला. त्या जातीचा पंप आता कुणी करत नाही. मी बीडला विचारलं, जालन्याला विचारलं, सगळीकडून न्हाईच आलं. तवा मी अण्णांना म्हणलं, वेगळा पंप पाहिजेच कशाला. ट्रॅक्टरचा मूळ पंप चांगला आहे, त्याच्यावरच लोडर चालवू. तेल आधी पुढं लोडरला जाईल, तिथून मागं लिफ्टला. असं लई ट्रॅक्टरांवर करतात, चूक नाही. लोडरचा कंट्रोल व्हॉल्व्ह पण झिजलेला होता, म्हणून तो नवा मागवला. हा व्हॉल्व्ह म्हणजे एक लोखंडी ठोकळा, ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्याशी. त्याला दोन लिव्हर. लिव्हर ओढलं की आतली दांडी सरकते आणि तेल कुठल्या नळीत जायचं ते ठरतं. दांडी ठोकळ्यातून बाहेर येते तिथं रबराचं सील असतं. उडत होतं ते हेच.

हे काम मी केलं तेव्हा मालनला जाऊन सोळा दिवस झाले होते.

मालन माझी बायको. दुपारची भाकरी घेऊन ती दुकानात यायची आणि मग संध्याकाळपर्यंत जायचीच नाही. कुणाला वाटेल नवऱ्याला सोबत. तसं नव्हतं, ती कामाला होती. नवा पार्ट आला की खोकं ती उघडायची. जुन्या लुगड्याचं धडपं पसरायची आणि खोक्यातला एकेक नग त्याच्यावर मांडायची. माझं काम झालं आणि धडप्यावर एखादा नग उरला, तर ती मला ट्रॅक्टर चालू करू द्यायची नाही. "ह्याला जागा आसंल की कुठंतरी," म्हणायची. "उगं कोण घालतंय खोक्यात?" गिऱ्हाइकासमोर मला त्याचा राग यायचा. बहुतेक वेळा तो नग खरंच जादाचा वॉशर असायचा. दोन-तीनदा नव्हता.

ह्या वेळी खोकं मी उघडलं. व्हॉल्व्ह बाहेर काढला. तळाला प्लॅस्टिकच्या पिशवीत एक बुश होता. बोटाच्या दोन पेरांएवढा, बाहेरून आटे पाडलेला, मधून भोक. बरोबर इंग्रजीतला एक कागद. लिंबाजी नळ्या धरून उभा होता. त्यानं विचारलं, हे कशाचं. मी म्हणलं, जादाचं. बुश उरल्यासुरल्या नट-बोल्टाच्या डब्यात टाकला आणि कागदाला हात पुसले.

आता लिंबाजी कोण ते सांगतो. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस, वय चाळिशीच्या पुढं. भाऊ अजून मेंढरामागं असतो. हा मात्र ट्रॅक्टरवर बसला आणि बारा वर्षं अण्णांकडंच राहिला. मालन गेली तवा माझा लेक पुण्याहून यायला दुपार झाली. तोपर्यंत लाकडं आणायचं काम लिंबाजीनं केलं. ह्याच ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून. खांदाही दिला. मला त्यानं एका शब्दानं काही म्हणलं नाही, नुसता दोन दिवस दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा आणि जायचा.

व्हॉल्व्ह बसवल्यावर वीस दिवस काही तक्रार नव्हती. शेणखताच्या ट्रॉल्या भरणं चालू होतं. पुढची बकेट चालायची, मागं काही जोडलेलं नव्हतं. मग मागं पलटी नांगर जोडला. पलटी नांगर लई जड. पहिल्याच दिवशी सील उडालं. मी जाऊन नवं बसवलं. म्हणलं, सील हलकं आलं असेल. चार दिवसांनी दुसरं उडालं. तेही बदलून दिलं.

दुसऱ्या वेळी मी खाली वाकून सील बसवत होतो, तवा लिंबाजी म्हणाला, "मिस्त्री, एक सांगू का? बकेट चालवताना कायबी होत न्हाई. मागं नांगर उचलला की पुढं तेल उडायलंय."

मी वर बघितलंसुद्धा नाही. म्हणलं, "तू ड्रायव्हर हायस. स्टेअरिंग धर."

"धरलंयच की बारा वर्षं," म्हणाला आणि हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

सगळा रोग त्याच्या त्या एका वाक्यात होता. पुढचं सील मागच्या कामानं का उडावं, एवढा एकच प्रश्न मी स्वतःला विचारायचा होता. शिकाऊ मिस्त्रीला पण तो सुचला असता. मला सुचला नाही, कारण तो ड्रायव्हरनं विचारला होता.

तिसऱ्या वेळचं सुरुवातीला सांगितलंच. मी गेलो तोवर अण्णा पण शेतात आलते. मृग तोंडावर, निम्मी नांगरट बाकी, अण्णा तापलेले. लिंबाजी लिंबाखाली मांडीवर ओला पंचा टाकून बसलेला. अण्णा मला म्हणाले की एक तर तुमचा पार्ट खराब आहे, नाही तर तुमचं काम, नाही तर हा माणूस. तिन्हीतलं एक सांगा.

मी काही बोलायच्या आत लिंबाजी म्हणाला, "अण्णा, मला तर वाटायलंय पायपिंगमधीच काय तरी हाय."

पायपिंग म्हणजे नळ्यांची जोडणी. म्हणजे माझं काम. शेजारच्या वावरातले दोघं-तिघं पण येऊन उभे होते. त्यांच्यादेखत एका ड्रायव्हरनं माझ्या कामाला नाव ठेवलं होतं. खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या डोक्यात एवढंच होतं. सील नव्हतं, तेल नव्हतं, त्याची मांडी तर नव्हतीच.

अण्णा माझ्याकडं वळले. "मिस्त्री, तुमी हो का न्हाई एवढंच सांगा. ह्याच्या हाताळण्यानं होतंय का?"

मी म्हणलं, "हो."

मग पुढं जोडलं की हा लिव्हर शेवटपर्यंत ओढून धरतो, त्यानं दाब वाढतो आणि सील जातं. असं होऊ शकतं हे खरं आहे. पण इथं तसं होतंय का, हे मी तपासलं नव्हतं. चाळीस वर्षांत मी कुठलीही मशीन न तपासता असं सांगितलं नव्हतं. माणसाबद्दल सांगितलं.

"ऐकलं का बे?" अण्णा म्हणाले. "किल्ली दे."

लिंबाजी उठला. किल्लीला त्यानं कुठल्या तरी देवाचा लाल दोरा बांधला होता. तो त्यानं सावकाश सोडवून घेतला आणि किल्ली अण्णांच्या हातात दिली. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. बरं झालं बघितलं नाही, असं मला त्या दिवशी वाटलं.

मी सील बसवून दिलं. ट्रॅक्टरवर अण्णांचा पुतण्या बसला. तो लिव्हर कसा हळुवार ओढतो हे अण्णांनी मला फोन करून सांगितलं. तिसऱ्या दिवशी सील उडालं.

मग मी ट्रॅक्टर दुकानात मागवला. नांगर मागं तसाच लटकत होता. पुतण्याला म्हणलं, संध्याकाळी ये. तो गेल्यावर मी ते काम केलं जे महिनाभर आधी करायला पाहिजे होतं. लोडरच्या व्हॉल्व्हमधून मागच्या लिफ्टकडं जी नळी जाते तिच्यात प्रेशर गेज जोडलं. गेज म्हणजे दाब दाखवणारं घड्याळ. सीलच्या मागं तेलाची परतीची वाट असते. तिथं दाब जवळपास नसतो. म्हणून तर कंपनी तिथं साधं रबर लावते. इंजिन चालू केलं. बकेट वर-खाली केली. काटा जागचा जेमतेम हलला. मग मी मागच्या लिफ्टचं लिव्हर ओढून नांगर उचलला.

काटा दीडशेच्या वर गेला.

मी नांगर खाली सोडला. काटा खाली आला. परत उचलला, परत दीडशे. पुढून ठिबकायला लागलं. इंजिन बंद केलं आणि खाली बसलो.

कुणालाही समजेल असं सांगतो. पाटाचं पाणी आपल्या वावरातून पुढच्याच्या वावरात द्यायचं असलं तर त्याची चारी वेगळी काढतात आणि आपल्या वावरातल्या निचऱ्याचा चर वेगळा काढतात. मी दोन्हीसाठी एकच चारी ठेवली होती. पुढच्या वावरात पाणी मोकळं चाललंय तोवर काही कळत नाही. पण तिथं पाणी अडलं की ते मागं फुगतं, निचऱ्याच्या चरात चढतं आणि बांध फोडतं. जड नांगर उचलताना लिफ्टमध्ये तेल असं अडतं. त्याचा सगळा दाब उलटा येऊन त्या साध्या रबरावर बसत होता. पहिल्या व्यवस्थेत लोडरचं तेल सरळ स्वतःच्या टाकीत जायचं, मागची लिफ्ट त्याला जोडलेलीच नव्हती. म्हणून तवा एका वाटेवर भागत होतं.

दोन वाटा वेगळ्या करायचं काम त्या बुशचं. तो व्हॉल्व्हच्या बाहेर जायच्या भोकात बसवायचा. त्यानं लिफ्टचं तेल आणि परतीचं तेल वेगळं होतं. परतीसाठी व्हॉल्व्हला दुसरं भोक असतं, त्याला कंपनीनं बूच मारलेलं असतं. ते काढायचं आणि तिथून एक वेगळी नळी गिअरबॉक्सच्या हाऊसिंगमध्ये सोडायची, जिथं तेल मुळात साठवलेलं असतं.

मी डबा पालथा केला. बुश पिशवीतच होता. पिशवी फाडलेलीसुद्धा नव्हती.

तीन तासांचं काम. बुश बसवला, बूच काढलं, नळी टाकली. परतीच्या नव्या नळीला गेज लावून नांगर वीस वेळा उचलला. काटा हलला नाही. संध्याकाळी अण्णा स्वतः आले, पुतण्याबरोबर. मी एक नळी जादाची टाकलीय असं म्हणलं.

"म्हंजी ड्रायव्हरनं वाट लावलती, ती तुमी दुरुस्त केली," अण्णा म्हणाले.

मी म्हणलं, "आता उडणार न्हाई."

हे उत्तर नव्हतं. पण अण्णांना तेवढं पुरलं आणि मला पण पुरलं.

त्यानंतर सील उडालं नाही. नांगरट झाली, पेरणी झाली. लोक म्हणायला लागले की बघा, ड्रायव्हर बदलला आणि मशीन सुधारली. कुणी म्हणायचे मिस्त्रीनं बरोबर ओळखलं. माझं नाव होतं त्याच्यापेक्षा थोडं वर गेलं. एकदा मी स्टँडवर चहा प्यायला गेलतो. तिथं अण्णा चौघांत बसून सांगत होते. गेवराईला एकाच्या ऊस भरायच्या लोडर मशिनी आहेत. पावसाळ्यात ते मशिनी नीट करून ठेवतात आणि ड्रायव्हर ठरवतात. लिंबाजी तिथं गेला होता. त्या मालकानं अण्णांना फोन करून विचारलं, माणूस कसा आहे.

"मी म्हणलं, माणूस गुणाचा हाय, पण मशीन खातो," अण्णा म्हणाले आणि माझ्याकडं बोट केलं. "मी म्हणत न्हाई, मिस्त्री म्हणतेत."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी चहा पिलो. सगळा पिलो, खाली गाळ राहीपर्यंत.

दोन दिवसांनी लिंबाजी दुकानात आला. मला वाटलं भांडायला आला. तो नेहमीच्या पायरीवर बसला. जेवण कोण करतंय, विचारलं. मी म्हणलं, भावजय डबा देती. मग म्हणाला की गेवराईवाला नाही म्हणतोय. अण्णांनी काही तरी सांगितलंय त्याला. घरात बसून वीस दिवस होत आले. भावाबरोबर मेंढरामागं जातो, पण भावाच्या घरातच खायला तोंडं लई.

"तुमी एक फोन लावा की त्याला, मिस्त्री," तो म्हणाला. "तुमचं ऐकतेत लोक. मला मशीन चालवता येतीय एवढंच सांगा."

मला तेव्हा सगळं माहीत होतं. बुश, बूच, दीडशेचा काटा. तो माझ्यासमोर हातभर अंतरावर बसला होता. पायजम्याखाली मांडीवर डाग असणार, तो दिसत नव्हता.

मी म्हणलं, "लावतो."

तो गेला. मी फोन लावला नाही. काय सांगणार होतो? त्याला मशीन येती म्हणलं, तर मग मी आधी काय म्हणलो होतो ते निघालं असतं.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी काय वाटलं ते लिहीत बसत नाही. वाटून काही होत नसतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांकडं गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बुश राहिला, वाट एकच ठेवली, चूक माझी, लिंबाजीची काहीच नाही. त्याला परत कामावर घ्या.

अण्णा रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी मला बसा म्हणलं, पाणी दिलं. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "मिस्त्री, झालं ते झालं. मी एकदा काढलेला माणूस परत आणला तर उद्या माझं कोण ऐकंल? आन तुमी तरी ह्या वयात नाव कावून घालवता?"

मी म्हणलं, गेवराईला तरी फोन करा. ते म्हणाले, बघू. माझं स्वतःचं 'लावतो' मला ओळखू आलं.

तिथून मी लिंबाजीकडं गेलो. गावाबाहेर माळावर त्याच्या भावाचा वाडा आहे, काट्यांचं कुंपण आणि आत मेंढरं. लिंबाजी एका मेंढीचा पाय धरून खुरातला काटा काढत होता. मी कुंपणाबाहेरूनच सांगितलं. त्यानं पाय सोडला नाही, काम चालू ठेवलं आणि ऐकलं.

"त्या पिशवीतला बुश," तो म्हणाला.

"व्हय."

काटा निघाला. मेंढी पळाली. तो उठला, हात झटकले.

"तुमाला कवा कळलं?"

आता परवाच कळलं असं म्हणता येत होतं. तो खरं-खोटं करायला जाणार नव्हता.

"अठरा दिवस झाले," मी म्हणलं.

त्यानं हात शर्टाला पुसले. मनात दिवस मोजत होता. मग म्हणाला, "म्हंजी मी दुकानात आलतो तवा तुमाला माहीत होतं."

"माहीत होतं."

तो मेंढरांकडं वळला. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांच्याकडंच बघत उभा राहिला. मी म्हणलं, चल, आत्ताच्या आत्ता गेवराईला जाऊ, मी मालकासमोर बोलतो. तो आत गेला, शर्ट बदलून आला. स्टँडच्या वाटेनं आमी दोघं चाललो, पण तो दहा पावलं पुढं.

गेवराईच्या त्या मालकाला सगळे भाऊसाहेब म्हणतात. शेडमध्ये चार मशिनी उघड्या पडलेल्या, चार-पाच माणसं कामाला. मी सगळ्यांसमोर सांगितलं. एकट्याला बाजूला घेऊन सांगणार होतो, पण अण्णांनी स्टँडवर चौघांत सांगितलं होतं, तर हे पण चौघांतच सांगायला पाहिजे होतं. बुश कसा असतो ते बोटानं दाखवून सांगितलं. तिथला एक मिस्त्री हसला. त्याचं हसणं बरोबर होतं.

भाऊसाहेबांनी लिंबाजीला एका मशिनीवर बसवलं. ह्या मशिनीला बकेटऐवजी उसाच्या मोळ्या धरणारा पंजा असतो. लिंबाजीनं तो पंजा उघडला, मिटला, खाली टेकवला. इतका हळू टेकवला की खालची धूळ उडाली नाही. भाऊसाहेब म्हणाले, पुढच्या सोमवारपासून ये.

मग माझ्याकडं बघितलं. "मिस्त्री, ह्यातल्या दोन मशिनी तुमच्याकडं पाठवायच्या माझ्या मनात होत्या. आता कसं करू?"

"पाठवू नका," मी म्हणलं.

"न्हाईच पाठवत," ते म्हणाले. रागानं नाही, सरळ.

येताना बसमध्ये बसायला लई जागा होती. लिंबाजी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला, मी मागं. नेकनूरला उतरलो तवा मी त्याला हाक मारली. तो थांबला. मला माफ कर म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते असं, की मांडीला काय लावलं होतंस.

"कोरफड," तो म्हणाला आणि गेला.

त्याला आता चार महिने झाले. लिंबाजी गेवराईलाच असतो. रस्त्यात भेटला तर रामराम घालतो. दुकानाच्या पायरीवर येत नाही.

गावात वेगळंच पसरलं. अण्णा सांगतात, बायको गेल्यापासून मिस्त्री भ्रमलेत, नसलेली चूक अंगावर घेतात. लोकांना ते पटलं. माझ्याशी हळू आवाजात बोलतात. मालनचं नाव काढून मला समजून घेतात. गिऱ्हाईक कमी झालं नाही, उलट एक-दोघं दया येऊन जास्तीचं काम आणतात. ह्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

म्हणून हे लिहायला घेतलं. माझं डोकं ठिकाणावर आहे. मालन नव्हती म्हणून बुश राहिला, असं एक वेळ म्हणता येईल. ती असती तर राहिला नसता. पण लिंबाखाली मी "हो" म्हणलो, त्याच्याशी मालनचा काही संबंध नाही. अठरा दिवस गप्प बसलो त्याच्याशी पण नाही. ते मी केलं, एकट्यानं. मेलेल्या बाईच्या आड मला लपायचं नाही.

ज्यांच्याकडं जुना ट्रॅक्टर आहे आणि पुढं लोडर बसवून घेतलाय, त्यांना कामाचं तेवढं सांगतो. लोडरचं आणि मागच्या लिफ्टचं तेल एकाच पंपावर असेल तर परतीची नळी वेगळी आहे का बघा. व्हॉल्व्हमध्ये बुश बसवलाय का, हे मिस्त्रीला तोंडावर विचारा. परतीच्या वाटेला गेज लावून मागची लिफ्ट जड वजनानं उचलून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि मिस्त्री गेज न लावताच ड्रायव्हरचं नाव घेत असेल, तर ड्रायव्हर बदलू नका. मिस्त्री बदला.